कडूईचा जबडा

१२ एप्रिल, शुक्रवार

पेपर परत आला! नाकारला नाही, पण मान्यही नाही. पहिल्या परीक्षकाला सगळं ठीक वाटलं. दुसरा म्हणतो, जबड्याच्या आतला फोटो दाखवा, त्याशिवाय ही नवी जात आहे असं मानता येणार नाही.

अरे बाबा, मलाही आत बघायचंय! सहा वर्षं बाहेरूनच पाहतेय. पण स्कॅनच्या मशीनवर माझा नंबर लागेल तर ना!

जबडा कसला, करंगळीच्या नखाएवढा तुकडा. त्यात दोन दात. गुजरातच्या कोळशाच्या खाणीतून निघालेला. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तिथं जंगल होतं आणि खारीएवढं एक जनावर झाडांवर राहायचं. माकडांच्या, म्हणजे आपल्याही खानदानातलं. त्या खाणीतल्या अशा एका जातीला आधीच नाव मिळालंय. पण माझ्या तुकड्यातल्या दोनांपैकी पुढचा दात तिच्याशी जुळत नाही. लांबट, अरुंद, वरचं कवच पातळ. म्हणून नवी जात. नाव 'कडूई' – माझे गाईड कडू सर, त्यांच्या नावावरून.

१३ एप्रिल

स्कॅनवाल्यांना फोन केला. "मॅडम, मशीन बंद है. जून में देखो."

माझा इंटरव्ह्यू मे महिन्यात आहे. कॉलेजची पक्की नोकरी. त्याआधी पेपर मान्य झाला तर ठीक, नाहीतर तीच तासावरची मास्तरकी.

१९ एप्रिल, शुक्रवार

बेचाळीसच्या वर गेलंय आज. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा आणि घरात आई खाटेवर. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी नागपूर सोडून इथं आलेय, सरांना विचारून तुकडाही सोबत आणलाय. कपाटात, डबीत, कापसात.

शेजारच्या शोभाकाकू केळीचे चिप्स घेऊन आल्या. मी आत चहा करत होते. "रंजिता काय करते हो आता?" आई म्हणाली, "माकडाचे दात पाहते." "म्हणजे दाताची डॉक्टर?" "तसंच समजा!"

दुधाचं भांडं आपटलं मी. मग आई हळूच म्हणते, "गरमी डोक्याला चढते तिच्या."

२७ एप्रिल, शनिवार

सरांचा फोन. "रंजिता, परीक्षक जे मागतात ते देऊन टाक. साधा एक्स-रे लाव. मी जूनमध्ये रिटायर होतोय, त्याआधी छापून आलं पाहिजे."

साधा एक्स-रे! जसा काही माझ्या स्वयंपाकघरात ठेवलाय.

पूर्ण मसुद्यात सरांनी एकच दुरुस्ती केली होती – 'कडूई'च्या स्पेलिंगची.

२८ एप्रिल

कूलरमध्ये पाणी भरलं. दुसरं काही नाही.

२ मे, गुरुवार

सुचायला एवढे दिवस लागले! निलेश. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, आता शनवारा वेशीजवळ त्याचा दातांचा दवाखाना आहे.

"पेशंट किधर है?"

"डबीत."

"उमर?"

"साडेपाच कोटी."

हसला, पण लगेच हात धुऊन आला. तुकडा चिमट्यानं इतका जपून उचलला की मलाच बरं वाटलं. स्क्रीनवर एक्स-रेचं चित्र आलं. मी त्या दाताच्या मुळांकडे बघत होते. निलेश सहज म्हणाला, "अरे रंजू, ये तो दूध का दात है."

"काय?"

"खाली बघ ना. पक्का दात तयार बसलाय. रोज येतात माझ्याकडे असे बच्चे."

दिसला. बिनमुळाचा, टोपीसारखा, बरोबर खाली. म्हटलं, दुसऱ्या बाजूनं काढ. काढला. पुन्हा काढ. पुन्हा तिथंच!

दुधाच्या दाताचं कवच पातळच असतं. आकारही लांबट असतो. हे मी मुलांना शिकवते!

म्हणजे नवी जात नाही. जिला आधीच नाव आहे त्याच जातीचं पिल्लू. कडूई नावाचं जनावर कधी जन्मालाच आलं नव्हतं.

घरी आले, पण गाडीवरच बसून राहिले. आतून आई ओरडत होती – "आली का गं? आली का?"

३ मे, शुक्रवार

सरांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न – "कोणी पाहिलं?"

"मी आणि माझा दातवाला मित्र."

"मग झालं तर. मशीन बंद आहे असं लिही. ते काही खोटं नाही. तुझी नोकरी लागू दे. पुढे कोणीतरी दुरुस्त करेलच. शास्त्र असंच चालतं."

एक्स-रे पाठवते म्हटलं, तर "नको, नको!"

संताप याचाच येतो की मशीन खरंच बंद आहे! वाक्य खरंच आहे. ते लिहूनही झालंय – 'यंत्र बंद असल्यामुळे आतील चित्र देणे सध्या शक्य नाही.' बटण दाबलं की झालं.

सुरतेला धाकट्या भावाशी, रोहितशी बोलले. "ताई, एका दातासाठी नोकरी घालवशील? मी एकटा किती ओढू?" चिडून फोन ठेवला मी. पण तो चुकीचं काय बोलला? आईचं औषधपाणी दोन वर्षं तोच बघतोय.

दुपारभर डबी समोर ठेवून बसले. फेकावीशी वाटली. मग वाटलं, याचा काय दोष? दात पडायच्या आतच मेलं बिचारं.

४ मे, शनिवार

पाठवलं. एक्स-रे जोडला, नाव मागे घेतलं. सरांना कळवलं. "तुझी मर्जी," म्हणाले आणि फोन ठेवला.

आईला तो एक्स-रे दाखवला. चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "कितीक महिन्यांचं असंल गं ते?"

आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा.

पण खालचा दात किती वाढलाय, त्यावरून वय काढता येईल!