गट क्रमांक ११२

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

धनुबाई आज परत आली. सहा वर्षांत कितवी खेप, तिलाही सांगता येणार नाही. दाराबाहेर चपला काढून माझ्या टेबलासमोर बसली. आमच्या नगरपरिषदेत कोणी चपला काढत नाही. तीच एक काढते.

म्हणणं तेच. घरकुल दोनदा मंजूर होऊन परत गेलं, कारण बांधकाम परवानगी नाही. परवानगी नाही, कारण तिच्या जागेवर — गट क्रमांक ११२ — शहराच्या नव्या विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण दाखवलंय. आणि आराखडा चार वर्षांपासून मुंबईत पडून आहे, मंजुरीविना.

नकाशा मी काढलेला. रचना सहायक म्हणून लोकांना उत्तरं द्यायचं कामही माझंच. "फाइल मंत्रालयात आहे, मावशी." आता हे बोलायला विचारही करावा लागत नाही.

ती म्हणाली, "मंबईमा कोन बसेल शे ते? त्याले सांग ना ताई, मन्ही भिंत आते थांबाव नही."

सांगते म्हणाले. सांगते!

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रेमचंदभाऊंनी कचेरीच्या फाटकासमोर मांडव टाकलाय. धरणं. भाऊ एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून तसाच — शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. 'आराखडा मंजूर करा' असा फलक. पन्नास-साठ माणसं. कोणाचा गाळा अडलाय, कोणाचा वरचा मजला. धनुबाई पहिल्या रांगेत.

सगळा राग मुंबईवर. मी खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

इथे तरी लिहावं. दुसरं कोण वाचणार आहे.

आराखडा मुंबईने अडवलेला नाही. माझ्या कपाटाने अडवलाय.

मार्च २०२२ मध्ये शासनाचं पत्र आलं. शाळेच्या एका आरक्षणाबाबत नकाशा आणि यादी जुळत नाही. नकाशात गट ११२, यादीत गट १२१. नेमका कोणता, ते कळवा, म्हणजे पुढची कार्यवाही करता येईल. एवढंच. उत्तर मी लिहायचं होतं. एका पानाचं. लिहिलं नाही. नंतर दोन स्मरणपत्रं आली. तीही त्याच फाइलला लावली आणि कपाटाला कुलूप घातलं.

मधे तीन मुख्याधिकारी बदलून गेले. प्रत्येकाला सांगितलं — शासनस्तरावर प्रलंबित. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. सरकारकडून उशीर होतोय म्हटलं की सगळ्यांना ते खरंच वाटतं.

नकाशा करताना आकडे उलटसुलट झाले. घाई होती. आधी चुकीची लाज वाटली, मग उशिराची. आता तर कोणत्या गोष्टीची जास्त वाटते तेच कळत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहितानाही कान तापताहेत.

दुपारी प्रेमचंदभाऊंनी मला मांडवात बोलावून घेतलं. वाटलं, निवेदन द्यायचं असेल. भाऊंनी माइक हातात घेतला. म्हणाले, कचेरीत सगळे टोलवाटोलवी करतात, पण ही कामिनीताई एकटी अशी आहे की जी गरिबाला बसायला सांगते, नीट उत्तर देते, आपल्यासाठी मुंबईशी भांडते. मग हातात नारळ दिला. टाळ्या. धनुबाई डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

बोलायची वेळ तीच होती. पत्र तिसऱ्या कप्प्यात आहे, पन्नास पावलांवर, एवढंच म्हणायचं होतं.

मी नमस्कार केला आणि खाली उतरले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. दादांना म्हटलं, पित्त झालंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुट्टी. दादांनी पेपरातला लेकीचा फोटो कापून ठेवलाय — नारळ हातात, मान खाली. त्यांना ती नम्रता वाटते. रनाळ्याच्या आत्यालाही फोन करून सांगून झालं. मग मला समोर बसवून म्हणाले, "मी धानोऱ्याले बावीस वरीस पोरं शिकाडात, पन मन्हा कोनी असा सत्कार नही करा."

दादांचा वर्ग पत्र्याच्या खोलीत भरायचा. उन्हाळ्यात पोरांना बाहेर लिंबाखाली घेऊन बसायचे. कोणाविषयी वाईट बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. मी आत गेले आणि घासलेली भांडी परत घासली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. एकदाचं!

मुख्याधिकारी नवे आहेत, चार महिन्यांपूर्वी आलेले. फाइल त्यांच्यासमोर ठेवली. तिन्ही पत्रं वाचली. चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, झालं ते झालं, उत्तर पाठवून टाका. 'कागदपत्रांच्या छाननीत तफावत आढळून आली' असं लिहा. नाव कोणाचं घालू नका. बाहेर मांडव पडलाय, हे फुटलं तर कचेरीला आग लावतील.

मला हायसं वाटलं. ते वाटलं याचीच सगळ्यात जास्त लाज.

दाराशी पोचले तर त्यांनी विचारलं, "पण बरोबर गट कोणता? ११२ की १२१?"

"तपासून सांगते," म्हणाले.

तपासायचं काय होतं? तीन वर्षं पाठ आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दादांना प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला नेलं. तापीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेत एका बाईने ओळखलं — "आराखडावाल्या मॅडम ना तुम्ही?" तिच्या सासूला सांगू लागली, ह्याच त्या, मुंबईशी भांडणाऱ्या. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं.

पिंडीसमोर काही मागता आलं नाही. उत्तराचं पत्र अजून गेलेलं नाही. नऊ दिवस झाले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कचेरी सुटल्यावर धनुबाईच्या घरी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. नकाशावर ही जागा म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढी एक चौकट. प्रत्यक्षात मातीतल्या विटांचं घर, वर पत्रे, मागच्या भिंतीला बाहेरून लिंबाच्या बल्ल्यांचे टेकू. त्या भिंतीकडची खाट त्यांनी अंगणात काढलीय. मुलगा-सून सुरतेला कामाला. नात भूमिका तिच्याजवळ असते, अंगणात पाढे म्हणत होती.

पाणी दिलं. मी न पिता सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघून. काम मुंबईत अडलं नव्हतं मावशी, मुंबईचं पत्र माझ्या कपाटात पडून होतं. तुमच्या जागेवर शाळा नव्हतीच. नकाशा मी चुकवला, आणि तीन वर्षं गप्प बसले.

 भूमिकाचा तेराचा पाढा पूर्ण झाला.

मग धनुबाई म्हणाली, "तीन वरीस मी त्या मंबईवालास्ले गाया दिन्ह्यात."

मी मान वर केली नाही.

"आते धाडशी ना?"

उद्या सकाळी, म्हणाले. माझ्या नावाने.

तिने 'ताई' म्हटलं नाही. रडली नाही, मुंबईला दिल्या तशा शिव्या मलाही दिल्या नाहीत. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि विचारलं, मग ती शाळा कोणाच्या जागेवर?

म्हटलं, दुसऱ्या एकांच्या.

तिने टेकू दिलेल्या भिंतीकडे बघितलं. "तठे बी कोनं घर व्हई ना मंग?"

मी चालत सुटले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पत्र गेलं. 'नकाशा चुकीचा, यादी बरोबर. चूक व विलंब माझा' — खाली पूर्ण नाव, सही. साहेबांनी दोनदा विचारलं, मग तेही सही करून मोकळे झाले. शाळेची जागा गट क्रमांक १२१.

एक गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती. १२१ म्हणजे आमचं घर. शासनाचं पहिलं पत्र आलं तेव्हा दादांनी नुकतीच वास्तुशांत केली होती.

चहा झालाय, दादा हाक मारताहेत. सांगायला उठते.