गोळ्या टाकल्याची साक्ष

२८ जून
बोटं मिटत नाहीत आज. सांधेवात पुन्हा वर आलाय. हॉस्टेलच्या मुलींना दिसू नये म्हणून दिवसभर हात पदराखाली धरून हिंडले. रेक्टरबाई बऱ्या झाल्या अशी लातूरभर बोंब आहे, आणि ती मीच मारलेली. नांदेडच्या प्रार्थनासभेत माइकवर उभी राहून साक्ष दिली: प्रभूने सांधे मोकळे केले, मनावरचा अंधार नेला, मी सगळ्या गोळ्या गटारात टाकल्या. तेव्हा गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. त्या आठवड्यात बरं वाटत होतं, हे खरं. पण समोरून ‘आमेन, आमेन’ सुरू झालं आणि जीभ सुटली.
लाज वाटते, प्रभू. आणखी काय लिहू.

३० जून
मनाच्या गोळ्या संपल्या. पार औसा रोडपर्यंत जाऊन आणल्या, कारण कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चर्चमधलाच माणूस आहे. तांदळाच्या डब्यात ठेवल्या. ह्यांनी पाहिलं. म्हणाले, “डब्यात कशाला लपवायलीस? देवाला तांदळातलं दिसत न्हाई व्हय?” आधी राग आला, मग हसू.
सकाळी उठवत नाही. प्रार्थनेला बसते, शब्दच येत नाहीत.

३ जुलै
एस्तेर आज क्लासला गेली नाही. ताटही तसंच. ही पोर नायगावची, आमच्याच चर्चच्या मंडळीतली, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी दुसऱ्यांदा रिपीट करतेय. गेल्या वर्षी अंथरूण धरलं होतं, तेव्हापासून तिलाही मनाच्या गोळ्या. तिच्या आईने मुद्दाम माझ्या हॉस्टेलला ठेवली. “विश्वासातलं माणूस हाय, काळजी न्हाई.”
विचारलं, गोळी घेतेस ना? खुशीत म्हणाली, “मावशी, तुमी केलं तसंच केलं. सभेहून आले अन् समद्या गटारात टाकल्या.” रूममधल्या मुली सांगतात, झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते.
तिथल्या तिथे खरं सांगायचं होतं. मी काय केलं? म्हटलं, ये, प्रार्थना करू. प्रार्थनेच्या आड लपले. माझ्यासारखी नालायक बाई नसेल.

६ जुलै, रविवार
प्रभुभोजन. स्वतःची परीक्षा करून मगच भाकर घ्यावी, असं चर्चचे पाळकसाहेब दर वेळी सांगतात. आज भाकरीचं ताट आलं तेव्हा हात पुढे होईना. तसंच पुढे सरकवलं. शेजारच्या बाई कुजबुजल्या, “काय झालं वो?” म्हटलं, पित्त झालंय. आणखी एक खोटं, तेही प्रभुभोजनाला.
एस्तेरने घेतली. गाल आत गेलेत पोरीचे.
माझे वडील, बापू, आठवले. भूकंपानंतर दरवर्षी चर्चमध्ये उभे राहून सांगायचे, देवाने आमचं घर राखलं. शेजारच्या घरातली एकच मुलगी वाचली होती, आणि ती माझ्याच बाजूला बसून ऐकायची. मला तिच्याकडे बघवत नसे. बापू निदान खरं तरी सांगत होते.

८ जुलै
सांगितलं एकदाचं. एस्तेरला घरी बोलावून गोळ्या पुढ्यात ठेवल्या. म्हटलं, मी खोटं बोलले, मी रोज घेते, तूही घे. ती रडली नाही, चिडलीही नाही. माझाच हात कुरवाळत म्हणाली, “तुमचा विश्वास कमी पडला, मावशी. माझा न्हाई पडणार.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
माझ्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, लवकर घेऊन या. ती यायला तयार नाही. तिच्या आईला फोन केला तर ती मलाच म्हणते, “बाई, असं नका बोलू. अख्ख्या गावाला तुमची साक्ष सांगितली मी.” शेवटी रविवारी येते म्हणाली.

११ जुलै
पाळकसाहेबांकडे गेले, रविवारी साक्षीला वेळ मागितली. माणूस प्रेमळ. चहा दिला. म्हणाले, “एकांतात कबूल करा, देव क्षमा करतो. लोकांचा विश्वास कशाला हलवायचा?” म्हटलं, साहेब, पोर वाळून चालली. मग म्हणाले, “बघा मग.”
ह्यांना सांगितलं. म्हणाले, “मी पयल्या बाकावर बसतो. घाबरलीस तर माझ्याकडं बघ.”

१३ जुलै, रविवार
उभी राहिले. तोंड उघडायच्या आधीच टाळ्या. त्यांना वाटलं, तीच साक्ष पुन्हा. मी म्हटलं, मी बरी झाले नाही. गोळ्या टाकल्या नव्हत्या. देवाने मला सोडलंय असंही नाही, पण मी बरी नाही. मागच्या बाकांवर टाळ्या थोडा वेळ चालूच होत्या.
बाहेर कोणी नेहमीसारखा सलाम केला नाही. एस्तेरची आई रागाने लाल. चपला घालताना एस्तेर जवळ आली. खालच्या मानेने म्हणाली, “गोळी घेतल्यावर तुमाला प्रार्थना येते का, मावशी? मला नुसती झोप यायची. देव हायच न्हाई, असं वाटायचं.”
हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, नाही येत गं पुष्कळदा. नुसती बसते.
मग आईने तिला दंडाला धरून ऑटोत बसवलं. दवाखान्यात नेते की गावाकडे, कळलं नाही.