डाव्या गुडघ्यावरची ट्रायल

६ डिसेंबर १९८७, रविवार
उजवा गुडघा वाटीखाली दुखतो. पालघरच्या फिजिओथेरपिस्ट नर्मदा मॅडम म्हणाल्या, उड्या मारून तिथली शीर दुखावली आहे. मशीनचा शेक घ्या, सिटिंगला पंधरा रुपये. नाहीतर घरी व्यायाम, सावकाश उकिडवं बसायचं, सावकाश उठायचं. फुकट. मी विचारलं, यात परवडणारं कोणतं? म्हणाल्या, व्यायाम, पण रोज करणाऱ्याला. मोघम उत्तर. मी तारापूरच्या केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. टेस्ट केल्याशिवाय टँकर सोडत नाही, गुडघा सोडीन? सव्वीस जानेवारीला कंपन्यांची व्हॉलीबॉल टुर्नामेंट. कॅप्टन मी. कप आजवर कधी मिळाला नाही. यंदा आणणार.

८ डिसेंबर
एकाच गुडघ्यावर दोन्ही उपाय केले तर गुण कशाचा ते कळणार नाही. म्हणून उजव्याला शेक, डाव्याला व्यायाम, तोही एका पायावर. विजयाने विचारलं, डावा दुखतो का? बायकोला सँपल समजावणं कठीण.

२० डिसेंबर
शेक घेताना फार बरं वाटतं. बोईसरला घरी पोचेपर्यंत उजवा पुन्हा दुखतो. डावा: दुखणं शून्य, खर्च शून्य. व्यायाम आघाडीवर. विजया म्हणाली, तो आधीही दुखत नव्हता. दुर्लक्ष केलं.

१ जानेवारी १९८८
संकल्प: डाव्याचा व्यायाम दुप्पट.

९ जानेवारी
डावा कुरकुरतोय. थंडी असेल. पॅकिंगमधला पुंडलिक, मुरबे गावचा, प्रॅक्टिसला माझ्या जागी नेटवर खेळतो. त्याला सांगितलं, हे तात्पुरतं आहे. हो भाऊ म्हणाला. फार लवकर म्हणाला.

१७ जानेवारी
शेक बंद. खिसा रिकामा, गुडघा तसाच. नर्मदा मॅडमना ट्रायल सांगितली.  त्यांनी विचारलं, दुखऱ्या गुडघ्याला व्यायाम एकदा तरी दिलात का? म्हटलं, ट्रायल बिघडली असती. मला कंटाळा आला आहे सगळ्याचा.

२६ जानेवारी, संध्याकाळ
दोन्ही गुडघे सारखेच दुखतात. तुलना बाद. सकाळी ग्राउंडवर पुंडलिक म्हणाला, भाऊ, तुमी बसा, आमी हाय ना. बसलो. झेंडावंदनाला उठता येईना. त्याने काखेत हात घालून उभं केलं आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत धरून ठेवलं.

फायनल जिंकलो. कप आला. पुंडलिकने तो आधी माझ्या मांडीवर आणून ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या सेटपर्यंत मात्र आपण हरावं असंच मला वाटत होतं.