लग्नातलं उपरणं

जया,

आज दवाखान्यात तुझ्यासंगं यायचं व्हतं, पण पुण्याचे साहेब दुपारी त्यांची शिडाची बोट बघायला येडगावच्या धरणावर येणारेत. राहिलेलं पॉलिश उरकायला चाललोय. तू आईला संगं ने.

बोटीचं बाकीचं फायबरचं अंग मशीननं लई चकाकलं. शिडाच्या खांबाच्या बुडाशी मात्र अरुंद खाच आहे. तिथं मशीनची पॉलिशची गोल गादी शिरत नाय, अन् दाताच्या ब्रशानं चरे पडले. बांबूच्या कामटीला मऊ सुती कापड गुंडाळलं तरच जमतं. म्हणून माझं लग्नातलं उपरणं फाडून नेलंय. रागावू नको.

मऊ लुगड्यांचं गाठोडं फडताळात व्हतं, गेल्या वर्षी तू व्हणाऱ्या बाळासाठी बांधलेलं. त्याला मी हात लावला नाय. डॉक्टर आज काय बी म्हणू देत, ते तू सोडू नको.

रामदास