खर्रा फेकणारी पोरगी

प्रिय रीता,

हे 'प्रिय' लिहिणारीनं आपल्या मनानं घातलं. मी 'खोटारडे' सांगितलं होतं. दवाखान्यात तुझ्या वार्डात फोन नेऊ देत नाहीत, नाहीतर तोंडानंच शिव्या घातल्या असत्या. मले अक्षर येत नाही, राग येते.

रविवारी मोहाडीहून एसटीत हाडं खिळखिळी करून मी तुले भेटाले आली. मुद्दाम तुझ्यासमोर पदराची गाठ सोडून खर्रा काढला. लहानपणापासून माझा तंबाखू नालीत फेकणारी तू! हातमागाच्या खड्ड्यात लपवलेली पुडीही तू हुडकून काढली होती, अन् वर मलेच 'बुढे, मरशील' म्हणाली होती. अन् रविवारी काय म्हणाली? 'खा आजी, तुले आवडते नं.' वरून आपल्या हातानं माझी गाठ बांधून देल्ली. एवढी गोड तं तू तुझ्या बापाशीही कधी बोलली नाही.

घरचे सारे खूश. तुझी माय शोभा गल्लीभर सांगत फिरते, पोरगी जेवते, झोपते, डिप्रेशन गेलं, गुरुवारी सुट्टी. तुझी धाकली बहीण मोना तुझं घड्याळ घालून मिरवून राहिली. ताईनं देऊन टाकलं म्हणे. दिवाळीत दार तोडून तुले बाहेर काढलं, तेव्हापासून वेणी घालायचा कंटाळा करणारी तू, अन् आता एकाएकी दानशूर झाली? डॉक्टरीणबाईनं विचारलं, मरणाचे विचार येतात का, तं हसून 'नाही' म्हणाली. साऱ्यांचा निरोप घेऊन राहिली अन् आम्हाले कळणार नाही? लबाड कुठली!

आता ऐक, अन् चांगली चीड. हे पत्र मोना लिहून नाही राहिली. तुझी डॉक्टरीणबाईच लिहून राहिली. ती म्हणाली, आजी, कोण काय करेल हे आम्हालेही पक्कं सांगता येत नाही, घरच्यांनी पाहिलेलं सांगा. मी सांगून टाकलं, खर्र्याचं अन् घड्याळाचं. पेन थांबला तिचा. गुरुवारची सुट्टी रद्द. होय, मीच चुगली केली. आता ती तुझ्याजवळ बसून पुन्हा विचारेल, तिले खरं सांग. मले पाहिजे तेवढ्या शिव्या दे. येत्या रविवारी मी पदरात खर्रा बांधून येते. तो माझ्या हातून हिसकून फेकायची खुमखुमी तुले येईतोवर तुले घरी नेणार नाही.

तुझीच चुगलखोर आजी,
सुंदरबाई (अंगठा)