आईच्या तळहाताचे चार फोटो

शनिवार, ११ जानेवारी १९८६

आईच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, काळा डाग आहे. आज तिच्या डोक्यावर मासळीची पाटी चढवताना दिसला. मसुराएवढा. मी तो साबणाने घासून पाहिला. जात नाही.

"काटा रुतला व्हता कवातरी," म्हणाली. "माज्या हाताला काय सोन्याचा मुलामा पायजे तुला?"

कधी रुतला ते तिला आठवत नाही. मागच्या महिन्यात कॉलेजच्या लायब्ररीत त्वचारोगाचं एक पुस्तक चाळलं होतं. जिवावर बेतणाऱ्या, वाढत जाणाऱ्या काळ्या डागाबद्दल लिहिलं होतं, तळहातावर, तळपायावर... पुढचं लिहून घ्यायचं राहिलं, घंटा झाली. आता ते पान डोक्यातून जात नाही. घरात वाचता येणारी मी एकटी. त्यामुळे ही भीतीही माझी एकटीची. आई-बाबांना सांगू तरी कशी, त्यांना त्या रोगाचं नावही माहीत नाही.

सोमवार, १३ जानेवारी

आई नेहमीसारखीच बाजारात गेली. मी नेहमीसारखी घाटकोपरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला.

आमच्या विभागाच्या मॅडमना प्राणिशास्त्राच्या वर्गात लावायला कोळंबीच्या डोळ्याचा आणि खेकड्याच्या तोंडाचा मोठा फोटो हवाय. त्यासाठी वेगळी लेन्स लागते. डिपार्टमेंटला ती घ्यायला सात जन्म लागतील. धोंडिराममामा, आमचे सगळ्यात जुने प्रयोगशाळा परिचर, म्हणाले, "सगुणा, लेन्स काढ आणि उलटी लाव. एका पैशाचं काम नाही."

मला वाटलं थट्टा करतात. त्यांनी खरंच डिपार्टमेंटच्या रशियन कॅमेऱ्याची लेन्स काढून तोंड आत, पार्श्वभाग बाहेर अशी धरली आणि काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून टाकली. मी दोनदा विचारलं, "बिघडणार नाही ना?" आत धूळ गेली तर? वस्तू सरकारी नाही, पण माझीही नाही. मामा म्हणाले, "तू श्वास घेतेस तेव्हा हवेला विचारतेस का?"

पण दिसलं! कोळंबीचा डोळा जांभळाएवढा. लेन्स फिरवून काही उपयोग नाही, अख्खा कॅमेराच केसभर पुढेमागे करायचा. श्वास घेतला तरी चित्र पुसट होतं. मध्ये पावडरच्या डब्याची पुठ्ठ्याची नळी आतून काळी करून लावली तर आणखी मोठं दिसतं. उजेडाला खिडकी, दाढीचा आरसा, आणि आरशापुढे ट्रेसिंग पेपर. बस.

मी कोळंबीकडे बघत होते आणि मला दुसरंच दिसत होतं.

बुधवार, १५ जानेवारी

मॅडमना विचारलं. "घरच्या कामासाठी कॅमेरा, रविवारपुरता." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ने की. पडू देऊ नकोस." एवढंच. मी दोन दिवस वाक्य पाठ करत होते.

रविवार, १९ जानेवारी

पहिला फोटो काढला.

आईला उंबऱ्यात बसवलं, उजेडात. हात पाटावर, खाली घडी केलेलं गोणपाट. तिला सांगितलं, कॉलेजात हातांचे फोटो हवेत. खोटं बोलले. देवा, एवढं एक.

माप हवं, नाहीतर डाग वाढला की मीच जवळ गेले हे कळणार कसं? फूटपट्टी ठेवली तर ती तळहाताच्या खळग्यावर बसेना. पट्टी स्पष्ट तर डाग पुसट, डाग स्पष्ट तर पट्टी पुसट. मग भिंतीवर टांगलेल्या फाटक्या जाळ्याचा चार बोटं रुंद तुकडा कापला. जाळं कातडीला चिकटून बसतं. एक आस, म्हणजे जाळ्याचं एक घर, बरोबर डागावर आणली आणि कडेला माझ्या डाव्या अंगठ्याने ताणून धरली. उजव्या हाताने बटण दाबलं.

"काय मासा धरतंस काय हाताचा?" आई म्हणाली. हसली म्हणून हात हलला. पुन्हा घेतला.

मंगळवार, २१ जानेवारी

कॉलेजच्या डार्करूममध्ये मीच रोल धुतला. मामा ओरडले, "चिमटा आहे ना? बोटं कशाला घालतेस औषधात? म्हातारपणी नखं राहणार नाहीत." चिमट्याने कागदावर ओरखडे येतात, म्हणून मी बोटंच घालते. सगळ्या बोटांची टोकं तपकिरी झालीत. लिंबू चोळते.

फोटो स्पष्ट आला. डाग आसेच्या पाव भागाएवढा. तारखेसकट वहीच्या शेवटी चिकटवला.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुसरा. तोच तुकडा, तोच उंबरा, तीच वेळ.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पाव भागच. दोन फोटो शेजारी ठेवले, कर्कटकाने मोजलं. तीन वेळा. पाव भागच आहे. आज नीट जेवले.

सोमवार, ३ मार्च

काल तिसरा काढला, आज धुतला. तेवढाच. पण कडा मला जरा वाकडी वाटते. आधी इतकी वाकडी होती का? वाटते की आहे? बघून बघून डोळ्यापुढे काळे ठिपकेच येतात. बसमध्ये समोरच्या बाईच्या गालावर तीळ होता, मी उठून मागे जाऊन बसले.

रविवार, १६ मार्च

जाळ्याचा तुकडा सापडेना. आईने चुलीत घातला असणार. त्याच जाळ्यातून दुसरा कापला. जाळं तेच आहे, त्यामुळे काही बिघडत नाही. चौथा फोटो काढला.

सोमवार, १७ मार्च

वाढला.

कागदावर मोठा करताना मी नेहमी आधी आस मागच्या फोटोतल्या आसेवर ठेवते, बरोबर तेवढीच झाली की मगच छापते. म्हणजे चूक व्हायला जागा नाही. आज आस आसेवर ठेवली आणि डाग बाहेर फुगला. आसेचा अर्धा भाग. पंधरा दिवसांत.

पुन्हा छापला. तिसऱ्यांदा छापला. लाल दिव्यात कागदावर तो हळूहळू वर येतो ना, तेव्हा वाटतं मीच त्याला बोलावतेय.

मामांनी दार वाजवलं. "काय गं, रडतेस का औषध उडालं?" मी म्हटलं, औषध.

बुधवार, १९ मार्च

आईला सांगितलं. सगळं नाही. "डॉक्टरला दाखवू" एवढंच.

"शिमगा होऊ दे."

"आई, शिमग्याला अजून आठवडा आहे."

"मग आठवडा होऊ दे. सणाच्या तोंडावर बाजार टाकून दाक्तर? लोकं म्हनतील, कृष्णाबाईची पोरगी शिकली नि आयशीला आजारी पाडून बसली."

मी फोटो पुढे ठेवले. तिने स्वतःचा हात एवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला. मग म्हणाली, "ह्यो माजा हात? खाजणाचा चिखल सुकल्यावर फुटतं तसा दिसतंय." डागाबद्दल काहीच नाही.

मग अट घातली. एक दिवस मी तिच्या शेजारी पाटीवर बसायचं. दोन वर्षं झाली नोकरीला, एकदाही गेले नाही बाजारात. तिला वाटतं मला लाज वाटते. तसं नाही. खरंच नाही? लिहिताना हात अडखळला म्हणजे थोडी वाटत असणार. लिहून ठेवते.

रविवार, २३ मार्च

बसले. सकाळी सात ते एक. बोंबील विकले. एका बाईने भाव कमी करायला सांगितला, मी लगेच केला. आईने माझ्या मांडीवर चापट मारली.

शेजारच्या पाटीवर मंजुळामावशी, आईची लहानपणची मैत्रीण. दिवसभर माझ्यावर तोंडसुख. "कॉलेजची कोलीन! बोंबलाला अहो-जाहो करतंय बग." मग माझा हात धरून, "नि नख कशानं रंगवलं गो? यो काय फ्याशनचा काळा पट्टा?"

फोटोच्या औषधाचा डाग, म्हटलं.

"मग हात धुवून मासळीला लाव. गिराईक पळंल."

आई खूश होती. मी तिच्या तळहाताकडे बघत होते. बर्फ, मीठ, कोयती, नाणी, पुन्हा बर्फ. तो हात दिवसभर एकदाही थांबला नाही. आतल्या आत काय चाललंय त्याला काय माहीत.

गुरुवार, २७ मार्च

होळीसाठी होड्या किनाऱ्याला. बाबा घरी. आज वही उघडी राहिली होती आणि बाबा तिच्यावर वाकून फोटो बघत होते. आता त्यांनाही सांगावं लागणार.

मी सांगितलं. पहिले तीन पाव भाग, चौथा अर्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग चौथ्या फोटोवर बोट ठेवलं.

"ही आस खंची?"

"आपल्याच जाळ्याची. भिंतीवरच्या."

"तीन तोंडाकडल्या हायेत. ही शेपटाकडली. गाठी बग कशा जाड दिसत्यात."

आमचं जाळं पिशवीसारखं, तोंडाला मोठी आस आणि शेपटाकडे बारीक होत जाते. पाण्यात मासा आत येतो तो सुटू नये म्हणून. इथल्या पाच वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. लहानपणी त्या बारीक आसांतून जवळा झटकून काढलाय मी. आणि मी बारीक आस ताणून मोठीएवढी छापली! मग डाग फुगणार नाही तर काय?

"नि यो तुजा अंगठा बग," बाबा म्हणाले, "यो पन दुप्पट जालाय. आजार तुलाच हाय म्हनायचा."

आई चुलीपासून म्हणाली, "पंधरा वर्सं शाळंत घातली तिला."

मी हसायला लागले ते थांबेना. मग रडले. बाबा शिकलेले नाहीत, अंगठा उठवतात. बारा सेकंदांत सांगितलं.

शुक्रवार, २८ मार्च

चौथा फोटो नव्याने छापला, या वेळी अंगठा अंगठ्यावर ठेवून. डाग तेवढाच. वाढलेला नाही. पण डाग तर आहेच. आईला म्हटलं, तरी जाऊ या.

"शब्द दिला ना. येतंय."

शनिवार, २९ मार्च

काटा!

आई बरोबर होती. हॉस्पिटलात त्वचेच्या विभागात तरुण डॉक्टरीण होती. भिंगातून पाहिलं, सुई घातली, आईने तोंड वाकडं केलं, आणि चिमट्यात कणीएवढं काहीतरी काळं आलं. शिंगाळा माशाच्या काट्याचं टोक. भोवती सुकलेलं जुनं रक्त आणि घट्टा. दहा मिनिटंही लागली नाहीत. आईने ते कागदात बांधून घेतलं. म्हणाली, मंजुळेला दाखवायचंय.

मी वही नेली होती, वेळ पडली तर डॉक्टरांना दाखवायला. त्यांनी चारही फोटो बघितले. कशाने काढले विचारलं. मी लेन्स उलटी करायचं सांगितलं तर खूप कौतुक केलं. मग परत पहिला उघडला. मग चौथा. मग पुन्हा पहिला.

"कडेला हा अंगठा कोणाचा?"

माझा, म्हटलं. औषधाचा डाग आहे. त्यांनी माझा हात घेतला, स्पिरिटने नख पुसलं. भिंग लावलं. बाकीची बोटं बघितली. मी चौथ्या फोटोनंतर फक्त काल एकदा औषधाचं काम केलं, तेही चिमट्याने, मामांचं ऐकून. बाकीची बोटं स्वच्छ आहेत.

"सोमवारी या. मोठे डॉक्टर असतात. वही आणा." आईकडे बघून हसल्या. माझ्याकडे नाही.

रविवार, ३० मार्च

उंबऱ्यात बसून चारही फोटो भिंगाखाली ठेवले. डाव्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ. पहिल्यात दोऱ्याएवढी. चौथ्यात सुतळीएवढी. आस सोडून दिली. नखाची रुंदी धरून मोजलं, चारही वेळा. नख माझंच आहे, तेवढंच आहे. यात बाबांनाही चूक सापडणार नाही.

पुस्तकात तळहात, तळपाय यांच्यापुढे तिसरा शब्द होता.