भोक पाडलेली गुंज

बाई,

एक गोष्ट तुमच्याही नजरेस आली असेल. पावसाळा उलटेपर्यंत वालाच्या डब्यात टोके पडतात, चवळी पोखरली जाते, तुरीला एरंडेल चोळून पुन्हा पुन्हा ऊन दाखवावं लागतं. पण देवघरातल्या डबीत किंवा सोनाराच्या काट्याजवळच्या वाटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गुंजांना सहसा काही होत नाही. लाल अंग, काळा डोळा, जशीच्या तशी चकाकी. खरं तर गुंजही शेंगेतलाच दाणा आहे, चवळीच्याच कुळातला. मग किडा तिला तोंड का लावत नाही? मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि हा प्रश्न एकदाही विचारला नाही. तो मला काल पडला, रविवारी, आणि आज सिल्वासातल्या एका रुग्णालयाच्या लाकडी बाकावर बसून मी तुम्हाला लिहिते आहे.

तुमचं धाकटी डहाणू गावातलं स्वयंपाकघर मला अजून कोपऱ्याकोपऱ्यासह आठवतं. खिडकीतून खाडी दिसायची, खाली कुणी ना कुणी जाळं दुरुस्त करत बसलेलं असायचं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही आम्हाला साधी माळ ओवायला शिकवलीत, पण ज्या चौघींचा हात बरा होता त्यांना शनिवारी दुपारी घरी बोलावलंत. भाताचं पातेलं उतरवून ठेवून तुम्ही ओट्यावर जुनी चादर अंथरायचात, कारण चादरीवर मणी घरंगळत नाही. आणि मग गुंज घ्यायचात. ती तुम्ही कधी ओवत नव्हतात, तिला जाळीत बसवत होतात. आठ बारीक काचमण्यांचं कडं करायचं, त्याच्यावर दुसरी फेरी एकेक मणी सोडून घ्यायची, गुंज मध्ये ठेवायची आणि तिसऱ्या फेरीत मणी कमी करत दोरा ओढायचा. दोरा ओढला की कडं आत मिटतं आणि गुंज डोळा वर करून त्यात अडकून बसते. हे सगळं मी आजही डोळे मिटून करू शकते. एका गुंजेला पाऊण तास लागायचा. मण्यांची जाळी हा एक अप्रतिम हिशेब आहे, बाई. कुठल्याही फेरीतला एक मणी चुकला तर सगळा वाटोळेपणा जातो. तो हिशेब मला तुम्ही दिलात.

त्याच ओट्यावर मी एकदा कंटाळून गुंजेत सुई घुसवायला गेले. ती आत जाईना, म्हणून सुईचं टोक तुमच्या शेगडीवर तापवलं. तुमचं लक्ष गेलं. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातातून सुई काढून घेतलीत, ती गुंज कागदात गुंडाळून बाजूला केलीत आणि मला मोरीवर नेऊन दोन वेळा साबणाने हात धुवायला लावलेत. नखांखालीसुद्धा. मी विचारलं, "का, बाई?" तुम्ही म्हणालात, "तिचा डोळा फोडायचा नसतो. आणि घरी गेल्यावर बोट तोंडात घालू नकोस." बस्स, एवढंच. त्या दिवशी मला परत दोरा दिला नाहीत.

त्या वाक्याचा मी पुढे काय उपयोग केला, तेही लिहिते. आठवीच्या वर्गात अंधश्रद्धेचा धडा आला की मी तुमचं उदाहरण द्यायचे. नाव घेत नव्हते, पण "आमच्या एक बाई होत्या, त्यांना वाटायचं गुंजेला डोळा असतो" असं म्हटलं की वर्ग हसायचा, आणि मलाही बरं वाटायचं. मुलांना मी सांगायचे, कारण विचारा, कारणाशिवाय काही मानू नका. तुमच्या वाक्याचा पहिला अर्धा भागच मी सांगत होते. साबण आणि बोट मी गाळून टाकले होते.

निवृत्तीनंतर हा छंद मी पद्धतशीरपणे हाती घेतला. कप्प्यांचे डबे, मापाच्या सुया, मेण लावलेला दोरा, आणि दर रविवारी घरी सहा-सात बायकांचा वर्ग. पाऊण तासाची जाळी मला आता अनावश्यक वाटू लागली. गुंज उकळत्या पाण्यात भिजवली आणि हातातलं लहान ड्रिल लावलं की भोक मिनिटात पडतं. मी ते शिकवलंदेखील, मोठ्या उत्साहाने, आकृती काढून. आणि तलासरीला माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा बारशाला मी तिच्यासाठी मनगट्यांचा जोड केला. काळे मणी, आणि दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येकीत चार गुंजा. भोक पाडलेल्या. दृष्टीवर माझा विश्वास नाही, बाई. ते दिसत छान होतं.

काल वर्गात नरपडची एक नवी बाई आली. त्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत, घरात गुजराती, आमच्याशी मराठी. तिने माझ्या डबीतली एक गुंज उजेडात धरली.

"ताई, हे भोक तुम्ही पाडलं?"

"हो. भिजवली की लोण्यासारखी जाते."

"ताईंच्या हातात ड्रिल आलंय, आता घरच्या भिंती जपा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

नरपडची हसली नाही. "आमच्या कुंपणावर वेल आहे हिचा. सासूबाई सांगायच्या, साल आहे तोवर दागिना, साल फुटली की ढोर आडवं होतं. लहान पोराच्या कशात घातली नाही ना, ताई?"

मी उठले आणि आत जाऊन भाचीला फोन लावला.

"मावशी, शंभर वर्षं आयुष्य तुला. डाव्या हातातली मनगटी तुटली बघ काल संध्याकाळी. दात येतायत ना, सारखी चावत बसते. मणी वाटीत ठेवलेत, पुन्हा ओवून दे."

"लाल मोज."

"एक, दोन... तीन."

"मी चार घातले होते."

"असेल गं सोफ्याखाली. तुझा आवाज का असा झालाय?"

आता कोडं सोडवून सांगते, कारण काल रात्रीपासून मी हेच वाचते आहे. गुंजेच्या आत एक जहाल विष आहे, आणि बाहेर असं कवच की उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय त्यातून पाणीही शिरत नाही. म्हणून किडा तिच्या वाटेला जात नाही. अख्खी गुंज चुकून गिळली तर बहुतेक वेळा जशी गेली तशी बाहेर पडते. चावली गेली, फुटली किंवा तिला भोक असलं, तर मात्र आतलं बाहेर यायला वाट मिळते. तुमची जाळी ही नुसती नक्षी नव्हती. कवच न फोडता गुंज अंगावर घालण्याची तीच एक रीत होती, आणि मी ती वेळ वाया जातो म्हणून सोडली.

मी कालच तलासरी गाठली आणि मुलीला घेऊन आम्ही तिथल्या डॉक्टरांकडे गेलो; त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "अख्खी होती की फुटलेली?" मी म्हटलं, "भोक पाडलेली." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लगेच इकडे पाठवलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "चोवीस तासांत काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. तीन दिवस धरून चला." आज सोमवार आहे. तलासरीच्या घरी भाचजावयांनी सोफा उलटा केला, केरही पिठाच्या चाळणीने चाळला. चौथी गुंज मिळाली नाही. मुलगी मात्र हसते आहे. सलाइनची चिकटपट्टी उचकटायचा प्रयत्न करते, माझ्या चष्म्याकडे हात पसरते. आज सकाळी दूध निम्मंच प्यायली. "दात येताना असं होतं, मावशी," भाची म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. परिचारिकेने कागदावर वेळ लिहून घेतली. उद्या संध्याकाळपर्यंत मला त्या कागदावर दुसरं काही लिहिलेलं पाहायचं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. काल डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" भाची शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "नाही. कुणीच नाही."

असे अकरा जोड मी वाटले आहेत. बाकावरून एकेकीला फोन करते आहे. दोघी म्हणतात, आमचे लाल मणी प्लॅस्टिकचेच आहेत, तुम्ही उगाच घाबरवता. वाद घालण्यात वेळ जातो, म्हणून त्यांना सांगते ते इथेही लिहून ठेवते. मनगटी मुलाच्या हातातून आत्ता काढा. एका जुन्या पेल्यात साधं पाणी घ्या, त्यात ती बुडवा आणि पेला मुलांपासून उंचावर ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहा. काच फुगत नाही, प्लॅस्टिक फुगत नाही, अख्खी गुंजही फुगत नाही. लाल मणी फुगून मऊ पडला असेल, तर ती गुंज आहे आणि तिचं कवच फुटलेलं आहे. ते पाणी मोरीत ओता, पेला टाकून द्या, हात दोनदा धुवा आणि मग लाल मणी मोजा, प्रत्येक मनगटीत चार हवेत.